नळ नगरपालिकेचे, बंब मंडळ्यांचे

फिलाडेल्फियाच्या जुन्या वस्तीत, स्प्रूस मार्गाखाली, २०१७ साली जलवाहिनी बदलताना कामगारांना लाकडी नळ सापडले. मधोमध आरपार छिद्र पाडलेले हे ओंडके सुमारे २०० वर्षे जमिनीत टिकून राहिले होते. त्या शहरातील जुन्या स्वयंसेवी अग्निशमन मंडळ्यांच्या चित्रांकित टोप्या, कातडी बादल्या व हुकूम देण्याचे कर्णे संग्रहालयांतून जपलेले आहेत. परंतु त्या मंडळ्यांचा खरा इतिहास मला या ओबडधोबड ओंडक्यांत दिसतो.

१७३६ साली बेंजामिन फ्रँकलिनने मित्रांसह ‘युनियन’ मंडळी स्थापिली, ती परस्परांची घरे वाचविण्याच्या करारावर. बादल्या ज्याच्या त्याने बाळगावयाच्या. पुढे १७९३ च्या पीतज्वराने हजारो माणसे दगावली आणि स्वच्छ पाण्याची निकड शहराला पटली. १८०१ पासून स्कूलकिल नदीचे पाणी वाफेच्या यंत्रांनी उपसून लाकडी नळांनी रस्तोरस्ती फिरू लागले. त्याच नळांच्या भरवशावर १८०३ मध्ये पहिली ‘होज’ मंडळी निघाली. म्हणजे पाणी नगरपालिकेचे. ते आगीवर सोडावयाचे की नाही, हे ठरविणार मंडळ्या!

अग्निशमन हे सार्वजनिक सेवेचे उदाहरण म्हणून मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. ती सेवा सर्वांची व्हावयास किती काळ लागला, हे मात्र मी विद्यार्थ्यांना कधी सांगितले नाही. १८१८ मध्ये कृष्णवर्णीय नागरिकांनी ‘आफ्रिकन फायर असोसिएशन’ काढू पाहिली. गोऱ्या मंडळ्यांच्या विरोधापुढे ती गुंडाळावी लागली. १७ मे १८३८ रोजी गुलामगिरीविरोधकांचे, अवघ्या तीन दिवसांपूर्वी उघडलेले ‘पेनसिल्व्हानिया हॉल’ जमावाने पेटविले, तेव्हा बंबवाल्यांनी शेजारच्या इमारती भिजविल्या आणि सभागृह जळू दिले. पाण्याचा तुटवडा हे त्याचे कारण नव्हते.

वेतनाविना जळत्या छपरावर चढणाऱ्यांचे धैर्य मी नाकारीत नाही. पण त्याच मंडळ्या नळाच्या तोंडाशी आधी कोण पोहोचले यावरून रस्त्यात हाणामाऱ्या करीत, आणि घर जळतच राही. १८७१ च्या मार्चमध्ये पगारी अग्निशमन दल कामास लागले. नगरपालिकेचे पाणी त्या रस्त्यांखालून वाहू लागल्याला तोवर ७० वर्षे झाली होती.