घरच्या बिअरमध्ये हॉप्सची भर

ब्रिटनने १९६३ साली घरगुती बिअरसाठी लागणाऱ्या परवान्याची अट रद्द केली. अमेरिकेने १९७८ साली केंद्रीय कायद्यातला अडसर दूर केला. त्यानंतर हा छंद तिथे उघडपणे रुजला आणि नवख्यांना त्यात आणले ते प्रामुख्याने तयार किटने. ॲडलेडमधील कूपर्स या १८६२ पासून चालत आलेल्या ब्रुअरीचा १.७ किलोचा डबा हे त्याचे ठळक उदाहरण. डब्यात माल्टचा घट्ट अर्क असतो आणि झाकणाखाली यीस्टची पुडी. त्यात किलोभर साखर किंवा माल्टची पूड आणि पाणी घातले की २३ लिटर बिअरची तयारी होते. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी बिअर बनवणे गुन्हा आहे. त्यामुळे पुढील विवेचन जिथे कायद्याची मुभा आहे तिथल्या वाचकांसाठी आहे.

पहिल्या एक-दोन खेपा जमल्या की बहुतेकांना एकच सुधारणा सुचते : वरून हॉप्स घालू. सुधारणा योग्यच आहे. पण ‘जितके हॉप्स जास्त, तितकी बिअर चांगली’ हा त्यामागचा समज चुकीचा आहे. किटमध्ये काय आहे आणि काय नाही, हे कळल्याशिवाय घातलेली भर वाया जाते. कधी ती बिघाडही करते.

हॉप हे वेलीवर येणारे फूल. बाजारात ते बहुधा दाबलेल्या हिरव्या गोळ्यांच्या रूपात मिळते. एखादी गोळी बोटांत चुरडली की हिरव्या भुशाबरोबर बोटांना पिवळसर, चिकट राळ लागते. ही ल्युप्युलिनची राळ हाच हॉपचा खरा ऐवज. तिच्यात दोन गोष्टी असतात. एक, अल्फा आम्ले. ती तासभर उकळली की त्यांची रचना बदलते, ती द्रवात विरघळतात आणि बिअरला कडवटपणा येतो. दुसरी, सुगंधी तेले. ती उडून जाणारी असतात. उकळताना घरभर दरवळणारा वास म्हणजे बिअर ज्याला कायमची मुकली तो सुगंध.

किटचे मर्म इथेच आहे. कारखान्यात अर्कामध्ये कडवटपणा आधीच घातलेला असतो, आणि तो माल्टच्या गोडीशी तोलून घातलेला असतो. मात्र पाणी आटवून अर्क घट्ट करताना सुगंधी तेले फारशी टिकत नाहीत. म्हणजे डब्यात उणीव असते ती सुगंधाची. अशा वेळी आणखी हॉप्स तासभर उकळून घालणे म्हणजे जे पुरेसे आहे तेच वाढवणे. सहा टक्के अल्फा आम्लांचे २० ग्रॅम हॉप्स तासभर उकळले आणि त्यातला पाचवा हिस्सा जरी उतरला, तरी २३ लिटरमध्ये कडवटपणाची सुमारे दहा एककांची भर पडते. सौम्य लागरच्या किटचा तोल घालवायला तेवढी भर पुरते. कोथिंबीर आमटी उतरवल्यावर घालतात, त्याच न्यायाने किटमधले वाढीव हॉप्स शेवटी घालावेत.

यासाठी दोन वाटा आहेत. पहिली, हॉप्सचा काढा. अर्धा-पाऊण लिटर पाणी ७५ ते ८० अंशांवर आणून त्यात वीसेक ग्रॅम हॉप्स पंधरा-वीस मिनिटे मुरू द्यावेत आणि गाळून ते पाणी फर्मेंटरमध्ये ओतावे. दुसरी, ड्राय हॉपिंग. यीस्टचा पहिला जोर ओसरला की हॉप्स थेट आंबलेल्या बिअरमध्ये घालावेत आणि दोन ते चार दिवसांत काम संपवावे. जास्त दिवस ठेवल्यास ओल्या गवतासारखा वास उतरतो. पहिल्या खेपेला २५ ते ३० ग्रॅम पुरेसे. गोळ्या हळूहळू सोडाव्यात, कारण विरघळलेला वायू एकदम सुटून फेस उसळतो. झाकण थोडाच वेळ उघडे ठेवावे; हवेतल्या ऑक्सिजनने नवा सुगंध लवकर उतरतो. हॉप्सच्या चोथ्याबाबतही सावधगिरी हवी. तो कुत्र्यांसाठी विषारी असतो.

ड्राय हॉपिंगमधला खरा धोका बाटली भरताना असतो. हॉप्समधील विकरे यीस्टला न पचलेल्या शर्करा फोडतात आणि थांबल्यासारखे वाटणारे किण्वन पुन्हा सुरू होते. ब्राउन आणि मॉरिस या इंग्रज रसायनशास्त्रज्ञांनी १८९३ मध्येच हे दाखवून दिले होते. घाईने भरलेल्या बाटलीत दाब वाढत जातो आणि काच फुटू शकते. म्हणून हॉप्स घातल्यानंतर हायड्रोमीटरचे वाचन दोन-तीन दिवस एकच येते का, हे पाहूनच बाटल्या भराव्यात. हा नियम टाळण्यासारखा नाही.

हॉप्सची निवडही किटच्या जातीप्रमाणे व्हावी. झेक साझ लागरला शोभतो, ईस्ट केंट गोल्डिंग्ज इंग्लिश बिटरला. अमेरिकेत १९७२ साली आलेला कॅस्केड ग्रेपफ्रूटच्या सालीचा वास देतो, तर ऑस्ट्रेलियाचा गॅलक्सी पॅशनफ्रूटचा. पण एका खेपेत एकच जात घालावी. चार जाती एकत्र केल्या तर कोणामुळे काय झाले हे कळत नाही, आणि पुढच्या खेपेला शिकण्यासारखे काही उरत नाही.

हॉप्स इतर दोष झाकत नाहीत, हेही स्पष्ट सांगायला हवे. किटची बिअर पचपचीत लागते याचे कारण पुष्कळदा साखर असते; तिच्याऐवजी माल्टची पूड वापरली तर अंग भरते. उग्र वास येतो तो पुष्कळदा उष्ण जागेत आंबवल्याने. एल यीस्टला १८ ते २० अंश मानवतात. पैसे थोडे असतील तर ते आधी इथे खर्च करावेत, मग हॉप्सवर.

उत्पादकांकडेही एक मागणी आहे. डब्यावर कडवटपणाचे प्रमाण आणि वापरलेल्या हॉप्सची जात, तसेच हॉप्सच्या पाकिटावर अल्फा आम्लांची टक्केवारी आणि तोडणीचे वर्ष प्रत्येकाने छापावे. काही जण हे करतात. सर्वांनी करायला हवे. हॉप्स जुने झाले की त्यांचा सुगंध उतरतो, आणि गिऱ्हाईक दोष मात्र स्वतःच्या हाताला देते. ही माहिती समोर असेल तर नवखाही भर घालण्याआधी हिशेब मांडू शकेल, आणि त्याची पुढची खेप अंदाजावर अवलंबून राहणार नाही.