डोंगर कोणाला विचारून खोदायचा?

चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या डोंगरावरच्या येडाई देवीला जाणारा माकणी-लोहाऱ्याकडचा माणूस दुसऱ्या दिवशी चुनखडीचे खडे वेचतो, मगच घराकडे वळतो. देऊळ तसेच ठेवतो, फक्त डोंगर तेवढा काढून नेतो, असे त्याला कोणी सुचवले तर काय उत्तर मिळेल, ते छापण्याजोगे नसेल. गडचिरोलीतल्या एटापल्ली तालुक्यातल्या माडिया गोंडांवर ती वेळ येऊन काही वर्षे झाली. सुरजागडचा डोंगर म्हणजे त्यांच्या ठाकूरदेवाचे ठाणे. दर जानेवारीत पंचक्रोशीतली गावे तिथे यात्रेला जमतात. याच डोंगरातले ३४८ हेक्टर २००७ मध्ये लोहखाणीसाठी भाडेपट्ट्याने दिले गेले.

डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी इथे खाणीच्या कामावरची सत्तरहून अधिक वाहने जाळली. त्यात आदिवासींचे भले काहीच झाले नाही. उलट खाणीविरुद्ध साधा शब्द काढणाऱ्याकडेही संशयाने पाहिले जाऊ लागले. खाणीमुळे पोरांच्या हाताला काम मिळाले, हेही खरे. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण काम मिळाले म्हणून संमतीही मिळाली, असा हिशेब कोणत्या कायद्यात बसतो? एटापल्ली पाचव्या अनुसूचीत येते. तिथे १९९६ चा पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, आणि २००६ चा वनहक्क कायदा लागू आहे. तरीही खाण वाढवण्याची जनसुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली ती शंभर किलोमीटरहून दूर, गडचिरोलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात!

ओडिशात असे चालले नाही. नियमगिरी हे डोंगरिया कोंधांचे दैवत. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये त्याचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला लावला आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी बॉक्साइट खाणीला नकार दिला. हवाई बेटावरच्या ४,२०७ मीटर उंच मौना केआवर तर खाणही नव्हे, महाकाय दुर्बीण उभी राहायची होती. विज्ञानाचे काम, धूर नाही की धूळ नाही. तरी २०१९ मध्ये तिथले मूळ रहिवासी रस्त्यात बसले, वडीलधाऱ्यांनी अटक करून घेतली. शेवटी २०२२ मध्ये त्या शिखराच्या कारभारात त्यांना कायद्याने जागा द्यावी लागली.

आपल्याकडे कायदा आधीपासूनच आहे. पुढची परवानगी देण्यापूर्वी सरकारने ग्रामसभा सुरजागडच्या पायथ्याशी, माडिया भाषेत घ्यावी आणि नकार आला तर तो नकार म्हणूनच नोंदवावा.