गाळा घेण्याआधी कागद घ्या

गेल्या महिन्यात गोवंडीच्या एक ताई आमच्याकडे आल्या. मालकांच्या फंडाचे पैसे हाती आलेले, मुलगा नोकरीविना घरी. खारघरला गाळा घेऊन किराणा दुकान टाकायचा बेत होता. "तिथं पैसेवाली माणसं राहतात, धंदा चालणारच," असे त्यांचे म्हणणे.

पैसेवाला माणूस आपल्याच दुकानात येईल असे थोडेच आहे? महिन्याचा किराणा तो डी-मार्टमधून भरतो, किरकोळ जिन्नस फोनवर मागवतो. पण तयार पॅन्ट लांब होते, ब्लाउज घट्ट होतो, चेन तुटते, पडदे मापाचे लागतात. त्याला शिवणारा हात लागतो. ताईंच्या हाताला वीस वर्षांचे शिवणकाम आहे. मग किराणा कशाला?

आम्ही कागदावर हिशेब मांडला. समजा भाडे व वीज मिळून महिना १५,००० रुपये, म्हणजे रोजचे ५००. एका कामाचे ५० धरले तर दहा कामे नुसत्या गाळ्याला गेली. अकराव्या कामापासून आपली मजुरी.

म्हणून आम्ही सांगितले, आधी गाळा नको. सोसायटीची परवानगी काढून रविवारी कपडे गोळा करा. घरी शिवा, मुलगा हार्बरने ने-आण करील. तीन महिने रोज वीस कामे आली, तर गाळा बघू.

नवी मशीन हवी तर फंड मोडू नका. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ५०,००० रुपयांपर्यंतचे शिशु कर्ज तारणाशिवाय मिळते. बँकेने नकार दिला तर कारण लेखी मागा.

बंधुभगिनींनो, फंड म्हणजे उभ्या आयुष्याचा घाम. तो डिपॉझिटात घालण्याआधी एक कोरा कागद घ्या.