फावल्या वेळचे उद्योग : पोळपाटावरचं स्वप्न

मैत्रिणींनो, या आठवड्याच्या टपालात एक पत्र जरा निराळं आहे. विदर्भातल्या एक भगिनी लिहितात : "लेकीचा जुना मोबाईल माझ्याकडे आला. त्यावर एकेक फोटो काढून हलती चित्रं करायचा नाद लागलाय. परवा लसणीच्या पाकळ्या पोळपाटावरून रांगेनं चालत गेल्या आणि लाटण्यावर चिमण्यांसारख्या बसल्या. मुलं खूप हसली. सासूबाई म्हणाल्या, अन्नाशी खेळू नये. हे म्हणाले, याचा उपयोग काय? मला उत्तर सुचलं नाही. हा नाद सोडून देऊ का?"

मुळीच सोडू नका! आधी सासूबाईंचं घेऊ. त्यांचं म्हणणं रास्तच आहे. म्हणून चित्रासाठी वाटाण्याची सालं, कांद्याचे पापुद्रे, शेंगांची टरफलं, बटणं, दोऱ्याची रिळं घ्यावीत. लसूण घेतलीत तर संध्याकाळी ती फोडणीत पडली पाहिजे. एवढं पाळलंत, की तक्रारीला जागा उरत नाही.

आता उपयोगाचं. सकाळी दारात काढलेली रांगोळी संध्याकाळपर्यंत पुसून जाते. तिचा उपयोग काय, असं कुणी विचारतं का? आणि हा नाद आपल्याला परकाही नाही, बरं का! 1912 साली दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरून रोज त्याचं एकेक चित्र घेतलं, तेही महिन्याहून अधिक दिवस. पडद्यावर ते रोप बघता बघता मातीतून वर आलं. ते पाहून पैसे देणाऱ्याला भरवसा वाटला आणि 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. त्या खटाटोपात कोऱ्या फिल्मला भोकं पाडण्याचं किचकट काम सरस्वतीबाई फाळके करत, आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्याच पाहत. पुढे दादासाहेबांनी आगपेटीतल्या काड्यासुद्धा पडद्यावर नाचवल्या.

लसणीच्या चिमण्या होणं हा वेडेपणा वाटत असेल, तर त्यालाही मोठं घराणं आहे. स्वप्नात जसं काहीही कशातही बदलतं, तसं जागेपणी मांडायचं, ही कलेतली एक चळवळच आहे. आंद्रे ब्रेतों यांनी 1924 साली पॅरिसमध्ये तिचा जाहीरनामा काढला. प्राग शहरातले यान श्वान्कमायेर यांच्या 1982 सालच्या एका लघुपटात तर भाज्यांचं एक डोकं आणि स्वयंपाकघरातल्या भांड्यांचं दुसरं डोकं एकमेकांना गिळतात. म्हणजे तुमचा पोळपाट चांगल्या पंगतीत बसलाय!

आता थोडं कामाचं.

मोबाईल दोन उंच डब्यांच्या आधारानं रबरबँडनं घट्ट बसवा. तो केसभर हलला, तरी सगळं चित्र थरथरतं. खिडकीतलं ऊन घटकेघटकेला बदलतं, म्हणून पडदा ओढून टेबलावरचा दिवा लावा. भडक रंगाची साडी नेसून जवळ उभं राहू नका, तिची झाक चित्रात उतरते. बऱ्याच मोबाईलमध्ये पडद्यावर बोट दाबून धरलं, की उजेड आणि फोकस जागच्या जागी राहतो.

सिनेमात सेकंदाला 24 चित्रं असतात. आपल्याला 12 पुरतात. म्हणजे 5 सेकंदांना 60 फोटो. दर फोटोला वस्तू गव्हाच्या दाण्याएवढी सरकवा. सुरुवातीला आणि थांबताना त्याहूनही कमी, म्हणजे चाल झटका न बसता सुरू होते आणि अलगद थांबते. अशी चित्रं जोडणारी मोबाईलची बरीच ॲप फुकट मिळतात. त्यांत 'ओनियन स्किन' नावाची सोय असते, म्हणजे कांद्याचा पापुद्राच म्हणा ना! मागचा फोटो पुसटसा दिसत राहतो आणि वस्तू किती सरकली ते कळतं. घरात संगणक असेल, तर 'ब्लेंडर' हा प्रोग्रॅमही फुकट आहे. लॅटव्हियातल्या गिंट्स झिल्बालोडिस यांनी आपला 'फ्लो' हा चित्रपट त्याच्यावरच केला, आणि 2025 साली त्याला ऑस्कर मिळालं.

एक पथ्य मात्र पाळा. एका तुकड्यात एकच अशक्य गोष्ट घडू द्या. लसणीच्या चिमण्या झाल्या ना, मग लाटणं लाटणंच राहू दे. तेही उडायला लागलं, की पाहणाऱ्याला कशाचंच नवल उरत नाही.

राहता राहिला वेळ. बहुतेक जणी असला छंद सगळे झोपल्यावर लपूनछपून करतात, जणू चोरीच! तसं करू नका. दुपारचा अर्धा तास घरात सांगून ठेवा. त्या वेळी चहा हवा असेल, तर ज्याला हवा त्यानं करून घ्यावा. पहिले चार दिवस कुरकुर होईल, पाचव्या दिवशी साखरेचा डबा त्यांना आपोआप सापडेल. आणि "याचे पैसे किती?" असं कुणी विचारलं, तर सरळ सांगा, "काही नाही. मला आवडतं म्हणून करते." एवढं उत्तर पुरे आहे.

आणखी कुणी करून पाहणार असाल, तर रिकाम्या दोऱ्याच्या रिळापासून सुरुवात करा. ते गोल असल्यानं आपसूक घरंगळतं, म्हणून खाली पिठाच्या गोळीचा टेकू द्या. चित्राला आवाज कसा द्यायचा, खलबत्त्याचा कुठे आणि कढईचा कुठे, ते पुढच्या अंकात पाहू.