सीमेपलीकडे गेलेला फास

दोडामार्गची सीमा ओलांडणाऱ्या माणसासाठी एके काळी केवळ राज्य बदलत नसे. त्याच्या प्राणांवरील राज्याचा हक्कही बदलत असे. पोर्तुगालने १८६७ साली खुनासारख्या गुन्ह्यांसाठीची फाशी रद्द केली आणि १८७० साली तो निर्णय वसाहतींना लागू केला. ब्रिटिश हिंदुस्थानच्या दंडसंहितेत मात्र फाशी होती व स्वातंत्र्यानंतरही ती राहिली. ज्या काँग्रेसने १९३१ साली कराचीला देहदंड नसावा असा ठराव केला, तिच्याच राजवटीत, गोवामुक्तीनंतर १९६२ साली, ही संहिता सीमेपलीकडे गेली आणि तिच्यासोबत फासही गेला.

यावरून पोर्तुगीज राज्यकर्त्यांना दयाळूपणाचे प्रशस्तिपत्र देण्याचे कारण नाही. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडणाऱ्यांना फासाची गरजच नव्हती. मुद्दा एवढाच, की नव्वद वर्षे खुन्याला फाशी नव्हती म्हणून डिचोली-पेडण्यातील गावे खुनाखुनीने ओस पडली नाहीत.

तरीही महाराष्ट्राच्या विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये बलात्कारासाठी देहदंडाची तरतूद असलेले ‘शक्ती’ विधेयक एकमताने संमत केले. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, हा भाग वेगळा. संतापाच्या लाटेवर कायदा करणे सोपे असते. तो फास कोणाच्या गळ्यात पडतो, हे पाहण्यास मात्र कोणी थांबत नाही. २००३ साली नाशिक जिल्ह्यात हत्या व बलात्काराचा भीषण गुन्हा घडला. त्यात भटक्या जमातीतील सहा जण पकडले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सहाही जणांना फाशी योग्य ठरविली. त्यांच्यातील एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे मागाहून सिद्ध झाले. आणि २०१९ साली त्याच न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडले! वाचलेल्या स्त्रीने पोलिसांकडील छायाचित्रांतून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते. त्यांची चौकशीच झाली नव्हती. सोळा वर्षांच्या तुरुंगवासाबद्दल प्रत्येकी पाच लाख रुपयांची भरपाई ठरली. फाशी अमलात आली असती, तर ती भरपाई कोणास द्यावयाची होती? अनेक जमातींवर जन्मतः गुन्हेगारीचा शिक्का मारणारा १८७१ चा कायदा १९५२ साली गेला. ठाण्यांतील संशय गेला नाही.

मात्र दारिद्र्य हेच गुन्ह्याचे एकमेव मूळ, असे म्हणणे हा आपल्या चळवळीतील वैचारिक आळस होय. पुण्यातील जोशी-अभ्यंकर हत्याकांडातील जे चौघे १९८३ साली येरवड्यात फासावर गेले, ते भुकेले नव्हते. ते कला महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. झटपट पैशाची हाव आणि दुसऱ्याच्या जिवाविषयीची बेपर्वाई सुस्थित घरांतही वाढते. दोडामार्ग तालुक्यात तिला वेगळे खतपाणी मिळते. तिलारीच्या धरणासाठी गावे उठली; तरुण कामासाठी गोव्याकडे वळले. गोव्यातील स्वस्त दारू चोरून आणण्याच्या धंद्यात पेट्या वाहतो तो बहुधा बेकार पोरगा. सापडतो तोही तोच, धनी नव्हे. अशा धंद्यात पैशावरून वैर वाढते, एखादे दिवशी सुरा निघतो, आणि मग समाज दचकून विचारतो की हा पोरगा खुनी झाला कसा!

अशा आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळण्याची तरतूद कायद्यात आहे. पण कबुलीजबाब, पंचनामा, ओळखपरेड या साऱ्यांचे भवितव्य अटकेनंतरच्या पहिल्या काही दिवसांतच ठरते. त्या दिवसांत सीमेवरच्या ठाण्यात वकील खरोखर पोहोचतो काय, याची विचारपूस तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आजच सुरू करावयास हवी.