एका ठुमरीचे तीन गळे



गेल्या महिन्यात येथील, म्हणजे ग्वाल्हेरातील, एका मराठी कुटुंबाकडे गेलो असता आजोबा व नातू यांच्यात वाद चाललेला आढळला. नातवाने मोबाईलवर एक जुनी ठुमरी कोणा नव्या गायकाच्या आवाजात लावली होती. ‘ही नक्कल आहे, खरे गाणे ते पहिलेच,’ असा निकाल देऊन आजोबांनी ती बंद करावयास सांगितली. दोघांनीही माझ्याकडे न्याय मागितला. त्या दिवशी चहा घेऊन मी सुटका करून घेतली. आज उत्तर देतो.

ती ठुमरी झिंझोटी रागातील, ‘पिया बिन’ या नावाने सर्वांस ठाऊक असलेली. तिला खरी कीर्ती मिळाली ती उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्यातून. १८७२ साली उत्तरेकडील कैराना येथे जन्मलेला हा थोर गवई पुढे मिरजेचा झाला. १९३७ साली दक्षिणेच्या प्रवासात त्यांचे निधन झाले व मिरजेच्या दर्ग्यातच त्यांना चिरविश्रांती लाभली. बारीक, टोकदार पण अत्यंत मधुर असा त्यांचा आवाज. तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मिळत. परंतु तेवढ्यात घाई न करता, एकेक स्वर आळवीत, त्यांनी विरहिणीची सारी व्याकुळता उभी केली.

१९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने हिंदी ‘देवदास’ पडद्यावर आणला आणि त्यात कुंदनलाल सैगल यांनी हीच ठुमरी गायिली. ताना फार नाहीत. संथ, भरीव, जवळ बसून बोलल्यासारखा आवाज. येथे एक नवल घडले. मूळ ठुमरीत वाट पाहणारी स्त्री आहे, तिचा काही अपराध नाही. देवदास मात्र स्वतःच्या भित्रेपणामुळे पारोला मुकलेला. त्यामुळे तेच शब्द त्याच्या तोंडी आले तेव्हा विरहाच्या जागी पश्चात्ताप ऐकू येऊ लागला. अशा गायनास नक्कल कसे म्हणावे?

तिसरा गळा गदगच्या एका शिक्षकाच्या मुलाचा. दुकानात वाजणारी खाँसाहेबांची ही तबकडी त्याने ऐकली आणि असे गाता आले पाहिजे हा ध्यास घेतला. १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, तो घरातून निघून गेला. निमित्त झाले ते जेवताना तुपावरून आलेल्या रुसव्याचे. तिकिटास पैसे नसत, तेव्हा आगगाडीत गाणी म्हणून तो पुढे सरके. असा तो आपल्या ग्वाल्हेरास पोहोचला आणि सरोदवादक हाफिज अली खाँ यांच्या साहाय्याने माधव संगीत विद्यालयात राहिला. १९१८ साली माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने व पंडित भातखंडे यांच्या योजनेने सुरू झालेली ही संस्था. तो मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी.

पुढे गुरूच्या शोधात तो जालंदरपर्यंत गेला. तेथे विनायकबुवा पटवर्धनांनी त्याला सांगितले की, तुझ्या घराजवळच सवाई गंधर्व आहेत, त्यांच्याकडे जा. वडीलही शोध घेत जालंदरास आले व मुलाला घरी घेऊन गेले. त्या पित्याने ती वर्षे कशी काढली असतील, हे मुले दूर गेलेल्या आईबापांस सांगावयास नको. १९३६ साली सवाई गंधर्वांनी त्याला शिष्य केले. आणि सवाई गंधर्व हे तर अब्दुल करीम खाँ यांचेच शिष्य! ज्या तबकडीसाठी घर सोडले, तिचा झरा घराच्या अंगणाजवळच वाहत होता.

तबकडीने त्या मुलाला ओढ लावली. विद्या मात्र गुरूसमोर बसून, वर्षानुवर्षे राबून मिळवावी लागली. तीच ठुमरी पुढे भीमसेनजी आपल्या भारदस्त आवाजात गायिले, तेव्हा ती त्यांची स्वतःची झाली होती. खाँसाहेबांचा आवाज त्यांनी उचलला नाही. ओढ तेवढी उचलली.

आता न्यायनिवाडा. आजोबा, ठुमरी मुखोमुखी चालत येते. ज्याला आपण पहिले म्हणतो ते पुष्कळदा आपण प्रथम ऐकलेले असते. तेव्हा नातवाचे गाणे बंद करू नका. आणि बाळा, जे गाणे बोटाच्या स्पर्शाने तुझ्या हाती येते, त्यासाठी एका मुलाने उपाशीपोटी अर्धा देश पालथा घातला होता. आजोबांजवळ बस, खाँसाहेबांची ती तीन मिनिटे त्यांच्यासंगे ऐक. मग तुझा गायक त्यांना ऐकव.

शोधीत दूर जावे लागते असा झरा कदाचित तुझ्याही अंगणाजवळ, त्या आरामखुर्चीत, बसलेला असेल.