निळ्या पाण्याखालचे कुरण

इबिझा बेटावरील सांत आंतोनी हे गाव रात्रीच्या गजबजाटासाठी प्रसिद्ध असले, तरी त्याचे खरे वैभव दिवसा दिसते. बंदरातून नावेने काला बास्साच्या किनाऱ्यावर जावे, पाइनच्या सावलीत विसावावे, होडी वल्हवावी. जूनअखेरीस सूर्य सव्वानऊनंतर मावळत असल्याने चौविहारही सहज पाळता येतो.

तेथील पाण्याच्या नितळपणात तळाशी पसरलेल्या पोसिडोनिया या सपुष्प वनस्पतीचा मोठा वाटा आहे. तिची वाढ वर्षाला जेमतेम काही सेंटीमीटर. नांगराच्या एका ओढीने मात्र अनेक वर्षांची वाढ उखडली जाते. म्हणून २०१८ पासून तिच्यावर नांगर टाकण्यास तेथे कायद्याने बंदी आहे. नौका भाड्याने घेणाऱ्या कुटुंबाने नांगर वाळूतच पडावा, एवढे नावाड्याला आधी सांगावे. एकेंद्रिय जीवांची यतना प्रवासातही सुटत नाही.